न बसणाऱ्यांची यादी

साळवे गेल्याचं मला त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं. दुपारची वेळ होती, मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं मांडणीत लावत होतो. "काका, बाबा सकाळी गेले. हार्टचंच झालं," एवढं ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. हातातलं पुस्तक कोणत्या कप्प्यातलं हे मग बराच वेळ मला कळेना. "बरं" काय म्हणालो मी… पंधरा दिवसांनी सातपूरला त्यांच्या वसाहतीतल्या समाजमंदिरात शोकसभा झाली. कारखान्यातले लोक आले होते, रक्तदात्यांपैकी पुष्कळजण आले होते. आमच्या रक्तदाता मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की साळव्यांसारखा काटेकोर माणूस त्यांनी पाहिला नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एकदा त्यांच्या हातून यादीत फार मोठी चूक झाली, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांसमोर कबूल केली आणि पुढची सहा वर्षं दारोदार फिरून ती निस्तरली. लोकांनी माना हलवल्या. पुढे बसलेल्या साळवेवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी तिसऱ्या रांगेत होतो. ती चूक साळव्यांची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मला धड वाचता येत नाही की झोप लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची ओळख झाली. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत डॉक्टरांनी रक्तदात्यांची यादी ठेवायला सुरुवात केली होती. कुणाला रक्त लागलं की यादीतून त्या गटाची माणसं शोधायची, फोन करायचे आणि माणूस रक्तपेढीत पोहोचेपर्यंत पाठपुरावा करायचा, एवढंच काम. साळवे सातपूरच्या एका कारखान्यात हजेरी कारकून म्हणून लागले आणि पुढे तिथल्याच कॉम्प्युटर विभागात गेले. कारखान्याने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी साहेबांच्या मागे लागून या खोलीत आणवला. डॉक्टरांनी मला तिथे नेलं ते मला कुणाचंही अक्षर लावता येतं म्हणून. शिबिरात भरलेले फॉर्म वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. दर शनिवारी दुपारी मी वाचायचो आणि साळवे टाइप करायचे. ते मला 'देवरे सर' म्हणायचे. मी शिकवत नाही, फक्त पुस्तकं देतो-घेतो, असं मी एकदा त्यांना सांगितलं. "मग काय झालं? आमच्या कारखान्यात साहेब तरी कुठे काम करतात?" ते म्हणाले आणि 'सर' कायम राहिलं.

कॉम्प्युटरच्या यादीत प्रत्येक कॉलमचा प्रकार आधी ठरवून द्यावा लागतो, म्हणजे त्यात मजकूर राहणार, आकडा राहणार की तारीख, आणि किती अक्षरं मावणार. फोनच्या कॉलमला साळव्यांनी मजकुराचा प्रकार दिला होता आणि तोही चांगला चाळीस अक्षरांचा. मला ते विचित्र वाटलं. फोन नंबर म्हणजे आकडाच ना, असं मी म्हणालो. "फोन नंबरांची बेरीज कधी कुणी केलीय का सर? ज्याची बेरीज करत नाही तो आकडा नव्हे." आणि मग त्यांनी मला फॉर्म पुढे करून दाखवले. त्या काळी कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये फोन नसायचे. शेजाऱ्याचा नाहीतर दुकानाचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचं. पण नुसत्या पी.पी.ने माणूस सापडत नाही हे साळव्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतः अशाच खोलीत राहिले होते. शिबिरात टेबलाशी बसून ते प्रत्येकाला विचारायचे, की फोन उचलणाऱ्याला काय सांगायचं? कोणत्या नावाने विचारायचं? तेही त्याच कॉलममध्ये जायचं. 'पी.पी. शिंदे काकू, सकाळी नऊनंतरच.' 'पी.पी. किराणा, मालक तिरसट आहे, गोड बोलणे.' 'पी.पी. खालचा मजला, जिन्यातून हाक मारतात.' मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण त्या कॉलमइतकं खरं वाचन मी क्वचितच केलं. शनिवार कधी येतो असं मला व्हायचं.

दहा वर्षांत यादी फार वाढली. प्रत्येक शिबिराची वेगळी फाइल होती, कारण नांदगावचं शिबिर असो की सुरगाण्याचं, जुन्या फाइलचा रिकामा साचा घ्यायचा आणि त्यात नवी माणसं भरायची असा रिवाज पडला होता. फाइलींची संख्या शेकड्यांत गेली. आणि मग नाशिकच्या सगळ्या फोन नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला. सहा आकडी नंबर सात आकडी झाले. आता एवढ्या फाइलींमधला प्रत्येक नंबर बदलायचा होता. साळवे म्हणाले, शांतपणे करू, मी पुतणीच्या लग्नाला नांदगावला चाललोय, आठ दिवसांनी आलो की बसू.

त्याच वर्षी कॉलेजने मला ग्रंथालयाच्या कामासाठी कॉम्प्युटरच्या वर्गाला पाठवलं होतं. तिथले मास्तर तरुण होते, हुशार होते. आकडे मजकुराच्या कॉलममध्ये ठेवणं ही जुनी, कालबाह्य पद्धत, असं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. साळवे नसताना मी एकटा खोलीत बसलो. माझ्या डोक्यात एक युक्ती आली आणि तिचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. फोनच्या कॉलमचा प्रकार सगळ्या फाइलींत आकडा करून टाकायचा आणि प्रत्येक नंबरात वीस लाख मिळवायचे. सहा आकडी नंबरात वीस लाख मिळवले की पुढे आपोआप दोन येतो. फोन नंबरांची बेरीज करणारा मी पहिला माणूस असेन, असंही मनात आलं. साळवे आले की त्यांना हे सांगायचं म्हणून मी हसत होतो. दोन दुपारी लागल्या. मग मी सगळ्या फाइली नेहमीच्या फ्लॉप्यांवर उतरवल्या, जुन्या प्रतींवरच, नव्या फ्लॉप्या कशाला वापरायच्या म्हणून. काही माणसांच्या पुढे नुसते वीस लाख आले होते. ज्यांच्या नोंदीची सुरुवातच पी.पी.ने होती त्यांचं तसं झालं होतं. मला वाटलं, यांचे फोनच नसतील. बाकीच्यांचे आकडे तेवढे राहिले आणि त्यांच्यामागचं सगळं गळून पडलं होतं. ते मी पाहिलं नाही. मी आकडेच पाहत होतो.

साळवे यायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून बाळंतपणात अडलेल्या बाईला जीपमधून नाशिकला आणलं. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. आमच्या यादीत जवळपासचे तिघे निघाले. एक गावाला गेला होता, एकाने महिन्यापूर्वीच रक्त दिलं होतं. तिसरं नाव दत्तात्रय निवृत्ती बोराडे, सातपूर. मीच नंबर फिरवला. कुणा बाईने उचलला, मागे चक्कीचा आवाज होता. मी दत्तात्रय बोराडे आहेत का म्हणून विचारलं. "दत्तात्रय? असं कुणी नाय इथं. गिरणी हाय ही." मी पुन्हा नाव सांगितलं. ती मागे कुणाला तरी विचारून आली, नाय म्हणाली. मी "माफ करा, धन्यवाद" म्हटलं आणि बोराड्यांच्या नावापुढे चुकीचा नंबर अशी खूण केली. मी तिच्याशी फार सभ्यपणे बोललो, हे मला अजून आठवतं. रक्त दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातून टॅक्सीने आलं. बाई वाचली. मूल वाचलं नाही. जीप नाशिकला पोहोचण्याआधीच ते पोटात गेलं होतं, रक्ताच्या उशिराचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते खरं असेल… डॉक्टर खोटं बोलणारे नाहीत. पण त्या बाईने ती अख्खी रात्र कशी काढली ते मी कुणाला विचारायचं?

सोमवारी साळवे आले. स्वेटर काढून खुर्चीला अडकवला, कॉम्प्युटर लावला आणि पहिलीच फाइल उघडली. मी वीस लाखांची गोष्ट उत्साहात सांगायला सुरुवात केली होती, ती अर्ध्यात थांबली. ते एक फाइल बंद करत, दुसरी उघडत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "जुन्या फ्लॉप्या?" मी सांगितलं. "आणि फॉर्म?" फॉर्म तर खोलीला रंग दिला तेव्हाच रद्दीत गेले होते, ते त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी बोराड्यांच्या नावापुढची माझी खूण पाहिली, उठले आणि स्कूटरवरून थेट सातपूरला गेले. बोराडे गिरणीच्या मागच्याच गल्लीत राहत होते. सगळी वस्ती त्यांना अण्णा फिटर म्हणायची. दत्तात्रय हे नाव फक्त कारखान्याच्या हजेरीपटावर आणि आमच्या यादीत होतं. शनिवारी दुपारी ते घरीच झोपले होते. कॉलममध्ये नंबराच्या पुढे लिहिलेलं होतं, 'गिरणी, अण्णा फिटर म्हणून विचारणे.' ते शिबिरात टेबलाशी बसून लिहून घेतल्याचं साळव्यांना आठवत होतं. मलाही आठवायला हवं होतं. टाइप करताना वाचून मीच दाखवलं होतं.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. डॉक्टरांनी विचारलं की हे कसं झालं. मी तोंड उघडायच्या तयारीत होतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. साळवे म्हणाले, "माझ्याकडून झालं. कॉलमचा प्रकार बदलला आणि आत काय आहे ते तपासलं नाही." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. डॉक्टर थोडं रागावून बोलले, साळव्यांनी ऐकून घेतलं. मी समोरच्या बशीतली बिस्किटं मोजत होतो. बाहेर जिन्यात मी "साळवे, मी…" असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी स्कूटरची किल्ली शोधत म्हटलं, "उद्यापासून सगळे कॉलम छापून काढू. कोणत्या फाइलीत कोणता, कोणत्या प्रकारचा, किती अक्षरांचा. एक चूक दहा वर्षं साच्यातून उतरत आलीय का ते बघू." मला बोलू दिलं नाही, असं मी घरी जाऊन ठरवून टाकलं. खरं तर त्यांनी किल्ली शोधायला पुष्कळ वेळ लावला होता.

मग ते काम सुरू झालं. दोन्ही कडांना भोकं असलेल्या, एकाला एक जोडलेल्या कागदांची चळत फुटभर जाडीची झाली. शेकडो फाइलींचे कॉलम त्यात होते. साळवे लाल पेन्सिल घेऊन बसायचे. चुका सापडतच गेल्या. वय आकड्यात लिहिलेलं, म्हणजे पहिल्या शिबिरातला चोविशीचा तरुण दहा वर्षांनीही चोवीसचाच. रक्तगटाचा कॉलम दोनच अक्षरांचा, त्यामुळे एबी गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कापलं गेलेलं. हा मात्र त्यांचाच जुना घोटाळा होता. तो सापडला त्या दिवशी ते मोठ्याने हसले, म्हणाले, "चला, आता माझीपण एक झाली." मी हसलो नाही. ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं, आता ते दिवसातून दोनदा ऐकू येतं.

जुना प्रकार बदलायच्या त्यांच्या पद्धतीत मग एक पायरी वाढली. कॉलमला हात लावण्याआधी, नव्या प्रकारात ज्या नोंदी बसणार नाहीत तेवढ्या वेगळ्या काढायच्या, छापायच्या आणि मी त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या. 'न बसणाऱ्यांची यादी' असं ते तिला म्हणायचे. वयाच्या जागी जन्मवर्ष करायचं होतं तेव्हा त्या यादीत 'माहीत नाही, पण लहान भावापेक्षा मोठा' अशी एक नोंद निघाली. गावाच्या कॉलममध्ये 'पावसाळ्यात आईकडे, बाकी ऊसतोडीला' निघालं. एकेक वाचून झालं की ते विचारायचे, हा कुठे बसवायचा? बसला नाही तर कॉलम मोठा करायचा, नाहीतर नवा करायचा, पण माणूस कापायचा नाही. यादी संपल्याशिवाय ते मला बटण दाबू देत नसत. माझा वाचताना आवाज बसला की स्वतः खाली जाऊन चहा सांगून यायचे.

आणि पुसल्या गेलेल्या पी.पी. नोंदींसाठी त्यांनी एक नवा कॉलम केला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'कोणत्या नावाने विचारावे'. तो सगळ्या फाइलींत रिकामा होता. तो भरायला ते दर रविवारी निघायचे. कधी मी मागे बसायचो, बहुतेक वेळा काहीतरी कारण सांगायचो. नांदगावला मात्र गेलो होतो. तिथल्या शिबिराचे फॉर्म एका शाळामास्तरांच्या घरी राहिले असतील असा त्यांचा अंदाज होता. मास्तर वारले होते, त्यांची सून दारात आली. "लय जुनं हाय ते. मामांनी कधी काय फेकलं नाय. बघा, उंदरांनी ठेवलं असंल तर." माळ्यावरच्या ट्रंकेत फॉर्म निघाले, कडा कुरतडलेले, पण पी.पी. शाबूत. साळवे तिथेच ओसरीवर मांडी घालून वाचायला बसले. सून चहा घेऊन आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "ह्यांचं काय हरवलं व्हतं?" तिने मला विचारलं. मी म्हणालो, नावं.

एकदा सुरगाण्याच्या शिबिराहून परतताना जीपमधून त्यांनी डोंगराच्या कुशीतला एक पाडा दाखवला. ती बाई तिथली, म्हणाले. त्यांनी ते कधी शोधून काढलं मला माहीत नाही. गाडी थांबवायची का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो की नाशिकला पोहोचायला उशीर होईल. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला, अजून दुपारचे दोनही वाजले नव्हते. पुढच्या वळणावर तो पाडा झाडांत गेला.

पुढे घरोघरी मोबाइल आले. पी.पी. हा प्रकारच संपला. तरी त्यांचे रविवार चालूच होते. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, आता त्या कॉलमचा उपयोग काय? ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. तेव्हा त्यांना पहिला झटका येऊन गेला होता, जिना चढताना ते थांबत थांबत चढत. ते म्हणाले, "उपयोग नाही. पण आपण पुसलंय ना ते." आपण म्हणाले. तू किंवा तुम्ही म्हणाले असते तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं असतं, असं मला वाटतं. वाटायला काय, आता काहीही वाटतं.

शोकसभेनंतर आठ दिवस मी काढले आणि मग वहिनींकडे गेलो. त्या एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, वीस लाखांपासून जिन्यातल्या किल्लीपर्यंत. मला वाटलं होतं त्यांना हे माहीत असेल. साळव्यांनी घरी तरी सांगितलं असेल, आणि त्या म्हणतील की जाऊ द्या भाऊजी, झालं गेलं. त्यांचे हात थांबले.

"सहा वर्षं रविवारी ते घरात नव्हते," त्या म्हणाल्या. "मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हासुद्धा नव्हते. मी कधी अडवलं नाही. म्हटलं, स्वतःची चूक आहे, निस्तरू दे, त्याशिवाय माणसाला चैन पडणार नाही. तुमची आहे हे कळलं असतं, तर दारात आडवी पडले असते मी."

मी मान खाली घातली.

"झटका आल्यावर तरी सांगायचं होतं. निदान तेव्हा…"

त्यांनी पुन्हा तांदळात हात घातला, दोन-चार खडे काढले. मी उठावं की बसावं ते मला कळत नव्हतं. हे सगळं मी जाहीर लिहिणार आहे, सभेत ज्यांनी ऐकलं त्यांना कळलं पाहिजे, असं मी म्हणालो. त्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "किती राहिलेत अजून?"

मी येण्यापूर्वी खोलीवर जाऊन पाहून आलो होतो. त्यांच्या कॉलममध्ये सतरा जागा रिकाम्या होत्या. मी तसं सांगितलं.

"त्यांची स्कूटर खाली तशीच आहे," वहिनी म्हणाल्या. "किल्ली खिळ्याला आहे. जा."